बाबाच्या खोलीखालचा पक्षी

घरातले जुने स्मोक अलार्म कचऱ्यात टाकायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. एवढ्या साध्या निर्णयापायी सख्ख्या बापावर घर सोडायची पाळी येईल, असं कुणाला वाटेल? (मला वाटायला हवं होतं. पण मी त्या वेळी पृथ्वी वाचवत होतो.)

झालं असं, की बाबाने तव्यावर सॉसेज ठेवले आणि तो अंगणात जाऊन आईची वाट बघत बसला. आई मागच्याच हिवाळ्यात गेली. स्वयंपाकघर धुराने भरलं, पडदा पेटला, आणि छतावरचे दोन्ही अलार्म सगळं निवांत बघत राहिले. मी शाळेत असताना ते घरच्या वायरिंगला जोडून बसवले होते. धूर ओळखायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. (ओरडायची उरली होती, हे नंतर कळलं.)

ऑस्ट्रेलियाच्या पार दुसऱ्या टोकाहून, पर्थहून लिओनीचा, म्हणजे माझ्या बहिणीचा फोन आला.

"बस झालं, रोरी. त्याला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवायचं."

"तो माणूस आहे लिओनी, फर्निचर नाही!"

"फर्निचर पडदे जाळत नाही."

शेवटी ठरलं, की गुरुवारी सरकारी तपासनीस बाई इप्सविचला आमच्या घरी येतील, बाबाशी बोलतील आणि तो घरी राहू शकतो का ते सांगतील. त्याआधी घर सुरक्षित करायचं मी मनावर घेतलं.

वायरमन आला. त्याने प्रत्येक खोलीत नवे अलार्म बसवले, तेही एकमेकांना जोडलेले. एक रडला की सगळे रडणार. (एवढी एकी आमच्या कुटुंबात कधीच नव्हती.) जाताना जुने दोन तो आपल्या गाडीतल्या कचऱ्यात भिरकावणार, तेवढ्यात मी ते त्याच्या हातून हिसकावले.

"यात किरणोत्सारी पदार्थ असतो! जमिनीत मुरेल, जमिनीतून नदीत जाईल!"

"अरे मित्रा, नखाएवढासुद्धा नसतो तो."

"प्रत्येक संकट आधी नखाएवढंच असतं!" (मी नदी वाचवणाऱ्या एका संघटनेत काम करतो. अशी वाक्यं मला झोपेतही येतात.)

तो खांदे उडवून निघून गेला. कौन्सिलची गाडी घातक कचरा न्यायला येईपर्यंत ते अलार्म मी बिस्किटांच्या डब्यात घातले. आमचं घर खांबांवर उभं आहे. डबा मी घराखालच्या एका तुळईवर ठेवला. वर बाबाची खोली होती.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाला, "रोरी, खाली काहीतरी टिवटिवतंय."

मी त्याच्या खोलीत उभा राहून कान टवकारले. चांगला बराच वेळ. (म्हणजे ऑनलाइन मीटिंगमधून सुटका होती तेवढा वेळ. धीर हा माझा विषय नाही. पृथ्वीकडे तरी कुठे आहे वेळ?) काही ऐकू आलं नाही. झालं, मी म्हटलं, आता भास सुरू झाले.

स्मृतिभ्रंशाबद्दल हॉस्पिटलने दिलेल्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: भास होणाऱ्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या जगात जा. मी गेलो.

"हो बाबा. पक्षी आहे तो."

"पक्षी?"

"छोटासा. छान गातोय."

बाबा माझ्याकडे बघत राहिला. तो पोस्टमन होता आणि उभा जन्म गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवत आला. "गातोय कुठला? एकच सूर लावतो आणि थांबतो. परत तोच. असला माणूस आम्ही पहिल्याच तालमीला घरी पाठवला असता."

"काही पक्षी असतात तसे."

मग त्या पक्ष्यासाठी मी घराखाली दाणे टाकायला लागलो. दाण्यांना रानटर्की आल्या. त्यांनी दाणे खाल्ले आणि वर आईचा गुलाबांचा वाफा मुळापासून उकरून काढला. बाबा खिडकीतून बघत होता.

"नोएलीन चिडणार," तो आईचं नाव घेऊन म्हणाला. मग जरा वेळाने, हळूच: "रोरी, पक्षीच आहे ना नक्की?"

"म्हणजे काय! दाणे संपले बघ ना!"

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. नुसता पलंगाच्या कडेला बसून राहायचा. मध्येच एक बोट वर करायचा आणि खाली घ्यायचा. मी लिओनीला कळवलं, 'भास वाढलेत. पण मी फार प्रेमाने सांभाळतोय.' (दोन्ही वाक्यं चूक होती.)

गुरुवारी सकाळी तपासनीस ग्लेनिस आल्या. चहा झाला, स्कोन झाले. त्यांनी बाबाला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: होडी, लिंबू, किल्ली. बाबाला लिंबू सापडेना. साल विचारलं, तर त्याने आई जिवंत होती तेव्हाचं सांगितलं. ग्लेनिसनी ते नुसतं टिपून घेतलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणखी काही त्रास, क्लाइव्ह?"

बाबाने आधी माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर देण्याआधी मुलं शेजाऱ्याकडे बघतात, तसं.

"खाली एक पक्षी आहे," तो पुटपुटला. "असं रोरी म्हणतो."

"आहेच मुळी!" मी म्हणालो. "आम्ही त्याला दाणे घालतो." आणि ग्लेनिसना डोळा मारला. त्या एका डोळ्यात मी आधुनिक मानसशास्त्र, पुत्रप्रेम आणि 'आपण दोघं समजूतदार आहोत' असं सगळं भरलं होतं.

ग्लेनिसना ते दिसलंच नाही. त्यांनी मान वाकडी केली होती. "हाच का तो?"

"कोण?" मी म्हणालो. डोळा अजून मिटलेलाच होता.

त्या उठून बाबाच्या खोलीत गेल्या आणि पलंगावर शांत बसल्या. नुसत्या बसल्या. आठवडाभरात जे मला एकदाही जमलं नव्हतं, ते त्यांनी सहज केलं.

टिव्.

या वेळी मीही ऐकलं.

जिना उतरून आम्ही घराखाली गेलो. एक टर्की फिस्कारत बाजूला झाली. ग्लेनिसनी तुळईवरचा डबा उतरवून उघडला. आत लाल दिवा लुकलुकत होता.

"वायरिंगमधून काढले तरी यांना आतून बॅटरी असते," त्या म्हणाल्या. "ती संपत आली की हे असे ओरडतात."

बाबा कठड्याला धरून जिन्यात उभा होता. "अलार्म आहे?"

"हो, क्लाइव्ह."

तो पायरीवर बसला. "म्हणजे मला ऐकू येत होतं. खरंच येत होतं." त्याने एक बोट वर केलं आणि खाली घेतलं. "मला वाटलं, आता हेही गेलं. नोएलीन गेल्याचं मी विसरतो ना रोरी, ते मला कळतं. नंतर कळतं, पण कळतं. कान तरी माझे होते. तू पक्षी म्हणालास, दाणे टाकलेस, तेव्हा म्हटलं, संपलं."

"बाबा, त्या पत्रकात..."

"होममध्ये जायचं तर जाईन मी. पण मला पक्षीबिक्षी सांगत जाऊ नकोस, लेका."

डब्यातला ओरडणारा अलार्म मी उचलला. मी बॅटरीचं झाकण उघडायला घेतलं, ते उघडेना. बाबाने हात पुढे केला, अलार्म घेतला आणि अंगठ्याने झाकण उघडलं.

ग्लेनिस व्हरांड्यात जाऊन लिओनीला फोन करत होत्या. मी दाराआड उभा राहिलो, श्वास रोखून. या वेळी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"वडील सध्या घरीच राहू शकतात... हो. फक्त सकाळ-संध्याकाळ कुणीतरी घरी येऊन बघून जायला हवं. त्याची सोय मी करते."

लिओनी पलीकडून काहीतरी म्हणाली.

"हो हो, मुलगा सोबत राहतो, माहीत आहे मला," ग्लेनिस म्हणाल्या. "म्हणूनच."