दाक्षायणीचा यूजर

"मी होतो की तुझा यूजर!" असं मी बोलून गेलो, आणि तिथंच माझे ग्रह फिरले.

त्याचं असं झालं, आमच्या दाक्षायणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एक्केचाळिसाव्या वर्षी यूएक्स डिझाइनच्या डिग्रीला ॲडमिशन घेतली. यूएक्स म्हणजे वापरणाऱ्याला वस्तू सोपी जावी अशी तिची मांडणी करायची विद्या. (मला हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.) वर्गात सगळी कोवळी पोरं. पहिल्या दिवशी पोरं तिलाच मॅडम समजून उभी राहिली. तेव्हापासून तिनं धास्ती घेतली होती.

"पहिलं काम फसलं तर मी पुन्हा जाणार न्हाय बघा," ती म्हणाली. तिनं जावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून तर मी पुढं झालो.

काम सोपं होतं. घरातल्या कुणालातरी रोजची एखादी गोष्ट करायला लावायची, गप्प बसून बघायचं, मदत करायची नाही. मी चहा करायचं ठरवलं.

'चहा' लिहिलेला डबा घेतला, दोन चमचे टाकले. (सरकारी कारकून लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो. चष्मा टीव्हीजवळ होता.) मग गॅस मोठा करायला बटण फिरवलं. चहा काही उकळेना. तेवढ्यात शेजारच्या शेगडीवर तव्यातल्या भाकरीचा धूर निघाला.

"अगं, सांग की त्याला!" आमची अव्वा, म्हणजे माझी आई, ओरडली.

"न्हाय अव्वा, फक्त बघायचं हाय," दाक्षायणी तोंडाला पदर लावून म्हणाली.

शेवटी कपात लालभडक चहा आला, वर तेलाचा तवंग. डब्यात शेंगाची चटणी होती!

मी बोलणी खायला मान खाली घातली. पण दाक्षायणी म्हणाली, "चूक तुमची न्हाय. यूजर कधी चुकत नसतो, मांडणी चुकते."

माझे डोळे भरून आले. संसारात पहिल्यांदाच हे वाक्य ऐकत होतो. असली डिग्री लग्नाआधी सक्तीची का करत नाहीत?

दोन दिवसांनी ती रडवेली होऊन परत आली. सरांनी काम नापास केलं होतं. म्हणाले, "काल्पनिक यूजर चालणार नाही. असा माणूस असूच शकत नाही."

मी तडक रजा टाकली आणि तिच्याबरोबर वर्गात हजर झालो. सरांनी मला नीट न्याहाळलं आणि हातात रिमोट दिला.

"एवढा प्रोजेक्टरचा पडदा खाली आणा."

मी बटण दाबलं, एसी सुरू झाला. दुसरं दाबलं, दिवे गेले.

अंधारातून सरांचा आवाज आला, "दाक्षायणीबाई, पैकीच्या पैकी! आणि साहेब, तुम्ही वर्षभर येत जा. तुम्हाला जमलं, की समजायचं, आता कुणालाही जमेल."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात दाक्षायणीनं.