आभाळ धरा जरा!

"हर्क्युलिस ना? डाव्या हातानं काढतो!" असं मी संपादकबाईंना फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. मुलांसाठी ग्रीक गोष्टीचं पुस्तक. अ‍ॅटलास सोन्याची सफरचंदं आणायला जातो आणि तेवढा वेळ आपला हर्क्युलिस त्याचं आभाळ पेलून धरतो. त्यात काय अवघड!

चित्र पाहून बाई म्हणाल्या, "हा आभाळ पेलतोय की कपडे वाळत घालतोय? दुपारी येते मी. तोवर जमलं नाही, तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे!"

माझं धाबं दणाणलं. समोर बसवायला घरात एकटे सासरे! अंगकाठी छत्रीच्या काडीसारखी, पण हौस दांडगी. टेबलावरची गोष्ट चवीनं वाचून काढून ते बनियनवर तयार! मी त्यांना भिंतीवरच्या फळीखाली उभं केलं. फळीवर बायकोचा काचेचा टी-सेट होता. तिचा जीव की प्राण!

"बाबा, हात फळीला लावा. जोर दिसू द्या! अजून!"

सासऱ्यांनी असा रेटा दिला, की फळी भिंतीतून खिळ्यांसकट सुटली!

"जावईबापू," ते कण्हले, "आता खरंच जड लागतंय हो!"

काय तो चेहरा! कपाळावर शिरा, दंडांना थरथर, डोळ्यांत आकांत! "हलू नका!" मी ओरडलो आणि पेन्सिल उचलली. हो, आधी चित्र काढलं. पोटापाण्याचा प्रश्न होता!

शेवटची रेघ ओढली आणि बेल वाजली.

"जरा धरा," सासरे म्हणाले, "चष्मा घसरलाय, तेवढा वर करतो."

मी धरलं. त्यांनी चष्मा वर केला, चित्र उचललं आणि दार उघडायला गेले. गेले ते गेलेच!

"वा! हा खरा हर्क्युलिस!" बाहेरून बाईंचा आवाज आला. माझा जीव भांड्यात पडला. मग चहाचा वास आला.

"बाबा! अहो बाबा, आभाळ!"

दोघं कप घेऊन दारात आली. "गोष्टीत असंच आहे ना?" सासरे म्हणाले. "हर्क्युलिस म्हणतो, जरा धर, खांद्यावर कापडाची घडी ठेवतो. तो बावळट अ‍ॅटलास धरतो आणि हा सफरचंदं घेऊन पसार!"

"हलू नका!" बाई माझ्याकडे बघून किंचाळल्या. "अ‍ॅटलासचा चेहरा अगदी असाच हवा!"

तेवढ्यात बायको आली. तिनं बाबांकडून सगळं ऐकत एकेक कप उतरवून घेतला, बाबांचे दंड प्रेमानं चोळले आणि मग माझ्याकडे वळली. "अहो, फळी रिकामी झाली. अजून कशाला धरलीय?"

पुस्तक छापून आलंय. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला पान उघडून हर्क्युलिस दाखवतात. शेजारचा अ‍ॅटलास कोण, ते मात्र कुणी विचारायच्या आधीच सांगतात.