भिंगरी बकरी आणि दहा ते पाचचं अळंबं

एका जंगलात, बाळांनो, नोकऱ्या होत्या. म्हणजे तिथे हजेरीही होती, हे ओघानंच आलं.

त्या जंगलात भिंगरी नावाची रानबकरी राहायची. सरळसोट कड्यावर टुणटुण उड्या मारत ती दिवसभर वणव्यावर नजर ठेवी. धूर दिसला की बेंबीच्या देठापासून ओरडे, मग सगळे ओढ्याकडे पळत. सात उन्हाळे तिनं हे काम हंगामी म्हणून केलं. यंदा पहारेकऱ्याची जागा कायम होणार होती आणि त्या जागेसोबत ओढ्याकाठचं कुरण मिळणार होतं. भिंगरीला दोन करडं होती आणि कड्यावरचं गवत चैत्रातच संपायचं. तिचा सगळा जीव त्या कुरणात अडकला होता.

अर्ज दोनच आले. दुसरा अर्ज कचेरीसमोरच्या फणसाच्या खोडाला फळीसारख्या चिकटलेल्या अळंब्याचा. तो साळिंदर हेडक्लार्कनंच भरला होता, कारण नियमाप्रमाणे तुलनेला दोन उमेदवार लागतात.

साळिंदरानं तक्ता मांडला. अळंबं सकाळी दहाला जागेवर, संध्याकाळी पाचलाही जागेवर. रजा नाही, तक्रार नाही, वरिष्ठांपुढे तोंड उघडणं नाही. भिंगरी मात्र सात वर्षांत कचेरीत एकदाही सापडली नव्हती.

"साहेब, मी कड्यावर असते. वणवा तिथूनच दिसतो," भिंगरी म्हणाली.

"तुम्हाला वणवा दिसतो हो, बाई. पण तुम्ही आम्हाला कुठे दिसता?"

अळंबं कायम झालं. कुरणही त्याच्याच नावावर झालं. त्याला त्याचं सुख ना दुःख.

वैशाखात वणवा लागला. अळंबं गप्पच होतं. भिंगरीला फार राग आला होता, तरी तिला राहवलं नाही. तिनं ओरडून जंगल जागं केलं. सगळे वाचले, फणस तेवढा जळाला. अळंब्यानं शेवटपर्यंत जागा सोडली नाही, असं चौकशीत आढळलं, म्हणून त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. अधिकार नसताना ओरडल्याबद्दल भिंगरीला लेखी ताकीद मिळाली.

जागा पुन्हा रिकामी झाली. भिंगरीनं ताकीद दोनदा वाचली. करडांच्या बरगड्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती जळक्या बुंध्याला पाठ लावून बसली आणि पाचपर्यंत हलली नाही.

महिन्याभरात ती कायम झाली. करडं गुटगुटीत झाली. कड्यावर आता कोणीच नसतं.

तात्पर्य : वणवा दिसेल अशा जागी उभं राहू नये, साहेबांना दिसू अशा जागी बसावं. वणवा आलाच, तर पदक कुठे जात नाही.