खिल्लारेबाबूंचं शॉकअप

खिल्लारेबाबू माणसाची चौकशी वजनापासून सुरू करत. कुणी घरी आलं की पाण्याच्या आधी प्रश्न येई, "किलो किती?" आणि हात खिशातल्या पान्याकडे जाई.

मागे शॉकअप असलेली सायकल आमच्या सेनगावात पहिल्यांदा आणली ती पंचायत समितीतल्या या बाबूंनी. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या कमरेला हादरे बसू द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमच्याकडे तेव्हा रस्ता कमी, खड्डेच जास्त होते. बाबूंनी हौसेनं कॅरिअर जोडून घेतलं, पण ते थेट मागच्या चाकाच्या दांड्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या खाली. पहिल्याच फेरीत पुढे बाबू पाळण्यात बसल्यासारखे झुलत होते आणि मागे काकूंना एकूणएक खड्डा लागत होता. बाजारापाशी त्या उतरल्या आणि पायीच घरी आल्या.

मग कॅरिअर सीटखालच्या नळीला, स्प्रिंगच्या वर आलं आणि बाबूंचा अभ्यास सुरू झाला. माणूस बसला की सीट "बोटभर दबली पायजे, बराबर बोटभर". जास्त दबली तर स्प्रिंगवरची रिंग आवळायची, कमी दबली तर सैल करायची. आम्हा शेजाऱ्यांना सायकलवर बसवून त्यांनी बोट लावून पाहिलं. साहेबांची खुर्चीही याच कसोटीवर नापास केली. बढती तेव्हापासूनच रखडली, असं ऑफिसात म्हणत.

पुढे नातवाला सांभाळायला काकू पुण्याला लेकीकडे गेल्या आणि तिकडेच अडकल्या. एका संध्याकाळी बाबू एकटेच सायकलवरून येताना दिसले. खड्ड्याखड्ड्याला सीटवरून उडत होते. सीट तसूभरही दबत नव्हती. गावाला बोटभर शिकवणाऱ्याची ही दशा पाहून मला हसू आवरेना. रिंग अजून दोघांच्या वजनावर आवळलेली आहे, ती सैल करा की, असं मी म्हणालो.

बाबूंनी खिशातला पाना चाचपला, पण काढला नाही.

"न्हाई सर. ती कवाबी येईल. तिला जीपच्या अड्ड्यावर उभी ठेवून मी रिंग आवळत बसू का?"

माझं हसू तिथंच विरलं. हिंगोलीहून शेवटची जीप यायची वेळ झाली होती. बाबूंनी सायकल वळवली आणि आदळत आपटत अड्ड्याकडे निघाले.