भिंतीपलीकडचा बाप

देवाने सगळे प्राणी सारख्याच मायेने निर्माण केले. त्यांच्यात भेद करण्याचं काम तेवढं राहून गेलं, म्हणून समित्या निर्माण झाल्या.

उत्तर इंग्लंडातल्या आमच्या कम्ब्रियात डोंगराच्या अलीकडे फेल जातीची तट्टं (फेल म्हणजे डोंगर, नापास ते पलीकडचे) आणि पलीकडे, पूर्वेला, डेल्स जातीची. दोन्ही काळी, बुटकी, दणकट, पायांना केसांचे झुपके असलेली, आणि फाटक उघडं दिसलं की शेजाऱ्याच्या कोबीवर धाड घालणारी. पण फरक जमीनअस्मानाचा! आमचं तट्टू बाणेदार, त्यांचं हट्टी. आमच्याचे झुपके डौलदार, त्यांच्याचे नुसतेच वाढलेले. शंभरातल्या शंभर जाणकारांना हा फरक एका नजरेत कळतो (मालक कोण ते आधी सांगितल्यास).

यंदाच्या तट्टांच्या प्रदर्शनात हिल्डा डार्गने आपल्या फेल घोडीचं शिंगरू समितीपुढे उभं केलं. समितीने फेल म्हटलं तरच त्याला आईबरोबर डोंगरावर चरायची मुभा. नाहीतर सोमवारी लिलाव. हिल्डाचा त्याच्यावर भारी जीव.

परीक्षक इसाक रेल्फ वाकून बघता बघता सद्गदित झाले. "काय गं हे गुडघे! हिल्डे, पोरी, इतकं अस्सल फेल मी जन्मात पाहिलं नाही."

हिल्डाच्या पोटात खोटं राहत नाही. "काका, बाप पलीकडच्या आल्डरसनचा डेल्स आहे. डोंगरावरची भिंत ओलांडून आला मेला."

इसाकनी चष्मा पुसला. "तरीच! कान मला मघापासून जरा पूर्वेकडचे वाटत होते."

उरलेल्या समितीलाही त्याच क्षणी कान पूर्वेकडचे दिसू लागले (शास्त्रात याला एकमत म्हणतात). लिलावाचा बिल्ला गळ्यात पडला. हिल्डा शिंगराच्या मानेत तोंड खुपसून रडली. मलाही फार वाईट वाटलं. पण एकदा सांगितल्यावर कान मलाही तसेच दिसत होते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आल्डरसन ओरडला, "अरे म्हाताऱ्या, तो घोडा तूच नाही का मला विकलास? तुझ्याच तबेल्यात जन्मला तो! फेल म्हणून घेतला, घरी नेऊन डेल्स म्हटलं. कुणाला कळलं?"

इसाकनी चष्मा पुन्हा पुसला. "मग कानांना मी वाईट कुठे म्हणालो? काय डौल आहे बघा!"

बिल्ला निघाला, पहिल्या नंबरची लाल फीत आली. शिंगराने ती तिथल्या तिथे खाल्ली. हिल्डा रडता रडता हसली, आणि मायलेकरं डोंगराकडे निघाली.

तर, ही गोष्ट कशी वाटली ते मला लगेच सांगू नका. आधी माझं आडनाव विचारून घ्या. एरवीही तुम्ही तेच करता.