'चमचा'तला च

सोमवारी सकाळी भाषासंशोधक जावयाने सासूबाईंचा लाडका, लांब दांड्याचा चमचा आपल्या खोलीतल्या कपाटात फायलींमागे दडवला आणि खिशातला रेकॉर्डर चालू करून तो स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसला.

भाषेतले आवाज काळाबरोबर कसे बदलतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. इंग्रजीत 'नाइफ'च्या स्पेलिंगमधला पहिला क एके काळी लोक खणखणीत म्हणत. तो गळून पडला आणि कोणाला पत्ताही लागला नाही. आपल्याकडे 'चहा'तला च वेगळा, 'चमचा'तला दातांवर घासून येणारा च वेगळा. पण हल्लीची मुलं दोन्ही एकच करून टाकतात, असा निबंध तो लिहीत होता. पुराव्याला जुना, अस्सल च हवा होता, आणि तो पाहुण्या आलेल्या सासूबाईंच्या तोंडात होता. रविवारी त्या परत आपल्या घरी, एकट्या राहायला जायच्या होत्या. सरळ विचारलं की माणूस जपून बोलतो आणि नमुना बिघडतो. सगळे चमचे लपवले असते, तर त्या 'चमचे' म्हणाल्या असत्या आणि त्यातला शेवटचा च 'चहा'तला निघाला असता. म्हणून एकच.

सासूबाईंनी खण उघडला. "मेला कुठे गेला?" म्हणाल्या, आणि हाताला लागलेल्या काट्याने चहा ढवळून मोकळ्या झाल्या.

मंगळवारी चाळणी गेली. "आता ही मेली पण?" बुधवारी चादर गेली. "अगंबाई!" एवढंच. गुरुवारी, च नाही तर निदान तसाच दातांवर घासणारा ज तरी मिळावा म्हणून जावयाने त्यांचा उजव्या पायाचा जोडा उचलला. तेव्हा मात्र त्या डावा जोडा हातात धरून बराच वेळ दाराशी बसून राहिल्या.

संध्याकाळी त्या मुलीला म्हणाल्या, "मला काही आठवेनासं झालंय गं."

मुलगी घाबरली. "आई, आता तू एकटी राहायची नाहीस. रविवारचं जाणं रद्द."

"अगं, ते माझं घर आहे. तिथे मला सगळं सापडतं."

जावयाच्या घशाशी खरं आलं होतं. पण बायकोचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. उद्या डॉक्टर तपासतील, सगळं ठीक निघेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "काय काय हरवलं, आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? सोमवारी चमचा. मंगळवारी चाळणी. बुधवारी चादर, निळ्या काठाची. काल उजवा जोडा. आणि हे जावईबापू चार दिवस खिशात हात घालून माझ्या मागे मागे फिरतायत, तेही लिहून घ्या."

"वा! काय च आहे!" जावयाच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

मग सांगावंच लागलं. चमचा, चाळणी, चादर, जोडा, सगळं कपाटात आहे, असं त्याने खाली मान घालून कबूल केलं.

सासूबाई ताडकन उठल्या. "म्हणजे माझं डोकं जागेवर आहे, आणि माझा जावई चोर आहे!" यातला एकेक उच्चार इतका अस्सल होता की जावयाला भरून आलं. रेकॉर्डर चालूच होता. बायको आईचा हात धरून त्याच्याआधीच बाहेर पडली.

शनिवारी सासूबाईंनी हुकूम सोडला, "माझा आवाज मला ऐकवा." तिघं टेबलाशी बसली. पूर्ण ऐकून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी बरी बोलते की. पण मधेच तो 'चमचा, चाळणी, चादर' म्हणणारा कोण? सगळीकडे 'चहा'चाच च लावतोय."

जावयाने तेवढा भाग पुन्हा लावला. मग आणखी एकदा लावला. आवाज त्याचाच होता.

"लहानपणी माझेही च दोन होते," तो पुटपुटला. "एक कधी गेला, कळलंच नाही."

सासूबाईंनी बॅगेची चेन ओढली आणि मुलीला जरा बाजूला घेतलं.

"मी उद्या जाते. पण यांना एकटं सोडू नकोस हो. विसरायला लागलेत."