पाच जातींचा लंगडा बगळा

शहराची प्रगती त्याच्या वन्यजीवनावरून ओळखावी. माणसे काय, कुठेही राहतात. अंबरनाथ आणि उल्हासनगर ही दोन शहरे या कसोटीवर किती पुढे होती, हे १९९१ साली केवळ एका भाजीवालीच्या अर्जामुळे उघडकीस आले.

अर्जदार इंदुबाई, राहणार मोरिवली, अंबरनाथ. कारखान्यांच्या कुंपणाला टेकून तिचा सहा गुंठ्यांचा भाजीचा मळा होता, मळ्यात विहीर होती आणि विहिरीपलीकडे नाला. हा नाला डोंगरातून पांढरा येई, मोरिवलीपाशी रंग घेई आणि पुढे उल्हासनगरात शिरे. सोमवारी तो निळा असे, मंगळवारी गुलाबी, बुधवारी पिवळा, गुरुवारी हिरवा. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असल्यामुळे नाल्यालाही असे. त्यामुळे मोरिवलीत भिंतीवरच्या कॅलेंडरचा उपयोग मुख्यतः एकादशी पाहण्यापुरता उरला होता.

अर्जात इंदुबाईने लिहून घेतले होते : "माझ्या विहिरीला नाल्याचा पाझर लागला आहे. पाणी रंगीत येते. त्या पाण्यावर पालक होतो आणि तो लोक खातात. तरी कारखान्याचा पाइप बंद करावा." (कारखान्याचे नाव अर्जावर पाणी सांडल्यामुळे वाचता येत नाही. पाणी विहिरीचेच होते.)

संबंधित कार्यालयाने अर्जाची गंभीर दखल घेतली. नाला मेला आहे असे म्हणण्यापूर्वी त्यात जिवंत काय आहे ते मोजणे क्रमप्राप्त होते. या कामावर चिंतामणी टिपणीस यांची नेमणूक झाली. टिपणीस अत्यंत प्रामाणिक होते. जे दिसेल ते लिहायचे आणि जे दिसले नाही ते कोणी कितीही सांगितले तरी लिहायचे नाही, या शिस्तीवर त्यांची बावीस वर्षे नोकरी झाली होती.

अडचण एकच होती. वन्यजीव मोजण्याचा छापील तक्ता कार्यालयात नव्हता. गुराढोरांच्या गणनेचे तक्ते मात्र दोन रिमे शिल्लक होते. तेच वापरावेत असे ठरले. त्या तक्त्यात जनावराची ओळख पटवण्यासाठी 'रंग' हा रकाना होता आणि खाली सूचना होती : "रंग निराळा असल्यास जनावर निराळे समजावे." तांबडा बैल आणि काळा बैल एकच असू शकत नाही. नियमात खोट काढायला जागा नव्हती.

सोमवारी टिपणिसांना नाल्यात निळा बगळा दिसला. मंगळवारी गुलाबी. बुधवारी पिवळा दिसल्यावर टिपणिसांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, कारण असा बगळा त्यांनी चित्रातही पाहिला नव्हता.

इंदुबाई पालक खुडता खुडता उभी राहिली.

"सायेब, काय लिवता?"

"पिवळा बगळा. तिसरी जात."

"अवो, यो एकूच बगला हाय! परवाच्याला निला व्हता, काल गुलाबी. पाय बगा त्याचा. लंगरा हाय."

टिपणिसांनी पाय पाहिला. बगळा खरोखरच लंगडत होता. त्यांनी शेरा लिहिला : "तिन्ही जातींमध्ये उजव्या पायाने लंगडण्याचा गुण समान आढळतो. मूळ कुळ एक असावे."

"आन् इरीचं पानी कवा लिवनार?"

"पाणी प्राणी नाही, बाई. पुढचा रकाना बघू. मालकाचे नाव?"

"बगल्याला कुठला मालक?"

रकाना रिकामा सोडण्याची पद्धत नव्हती. त्यांनी 'इंदुबाई' असे लिहिले आणि कंसात खुलासा केला : (सर्वांत जवळ उभी).

गुरुवारी हिरवा बगळा नोंदला गेला. शुक्रवारी पाइप बंद असताना एक मळकट पांढरा बगळा आढळला. त्याच्यापुढे "अत्यंत दुर्मिळ, बहुधा परदेशी पाहुणा" असा शेरा आहे.

उल्हासनगरच्या बाजूला लछमनदास या कापड व्यापाऱ्याचा कुत्रा दुपारी नाल्यात बसायचा. लछमनदास सहकार्य करणारा गृहस्थ. तो म्हणाला, "साईं, माझा एकच कुत्ता आहे, मोती. आज पीला आहे. उद्या या, हरा मिळेल. जो रंग पाहिजे तो वार सांगतो." नोंद अशी : कुत्रे, चार. नाव सर्वांचे मोती.

तीन महिन्यांनी अहवाल पूर्ण झाला. त्याचा गोषवारा :

बगळे : पाच जाती.
कुत्रे : चार.
म्हशी : तीन (पैकी एक जांभळी, सोमवार-मंगळवारच्या मधली).
डुकरे : एकच जात. (हा प्राणी कोणताही रंग धरत नाही. विकासकामात असहकार.)
खेकडा : एक. (हालचाल न केल्यास चप्पल समजावी.)
मासे : गैरहजर, पूर्वसूचना न देता.
भाजीवरील किडे, अळ्या : शून्य. मळा पूर्णपणे कीडमुक्त.

एकूण चौदा. मैलभराच्या नाल्यात चौदा प्रकारचे जीवन असताना त्याला मेलेला म्हणणे हा नाल्याचा अपमान होता, आणि तसे स्पष्ट शब्दांत नमूद करून इंदुबाईचा अर्ज निकाली काढण्यात आला. पाइप चालू राहिला. त्याच पाकिटात तिला दुसरे पत्र आले. "आपल्या मालकीचे पाच बगळे कारखान्याच्या सांडपाण्यात विनापरवाना उतरत असल्याची तक्रार आहे. तरी त्यांना बांधून ठेवावे."

पत्र वाचून घेऊन इंदुबाई तडक कार्यालयात गेली.

"सायेब, तुमी नाय आयकत, ऱ्हावद्या. मी आता लोकानाच इचारते. पंधरा दिस. लोकांनी माजी नाल्याची भाजी नाय घेतली, तर पाइप बंद कराल?"

टिपणिसांनी विचार केला. लोकांनी नाकारलेली वस्तू दिसली असती, आणि दिसले ते लिहायला त्यांची हरकत नव्हती. "मी येऊन बघेन," ते म्हणाले. "नाही विकली तर पुन्हा अहवाल लिहीन."

इंदुबाईचा भाऊ बबन जवळच्या जांभूळ गावात भाजी लावायचा. तिथले पाणी स्वच्छ. रोज सकाळी अंबरनाथच्या ऑफिसरांच्या कॉलनीच्या फाटकापाशी इंदुबाई दोन ढीग लावू लागली. एक बबनचा पालक : पाने लहान, कुठे भोके, एखादी अळी. दुसरा तिचा स्वतःचा : पाने तळहाताएवढी, चकचकीत, एक भोक नाही. आणि ती प्रत्येकाला सांगे, "यो जांभूलचा, यो नाल्याचा. नाल्याचा मी घरी शिजवत नाय."

म्हणजे कोणतीही गोष्ट लपवलेली नव्हती. शेजारी टिपणीस तक्ता घेऊन उभे होते.

पंधरा दिवसांचा तक्ता उपलब्ध आहे. नाल्याचा ढीग रोज आठच्या आत संपला. जांभूळचा ढीग रोज दुपारी इंदुबाई परत घेऊन गेली. सोळाव्या दिवशी तिने एकच ढीग लावला आणि सांगणे बंद केले. टिपणिसांनी "जनतेची हरकत नाही" असा शेरा मारून प्रकरण कायमचे बंद केले.

त्या अहवालात एक त्रुटी राहिली, ती येथे दुरुस्त करणे इष्ट. त्या तीन महिन्यांत आणि पंधरा दिवसांत, डुकरे सोडली तर, आपला मूळ रंग टिकवून जगणारा प्राणी एकच दिसला, तोही फाटकापाशी : जांभूळच्या पालकावरची हिरवी अळी. तिची नोंद राहून गेली, कारण टिपणीस लिहायला लागणार इतक्यात आपण "ईऽऽ, हिच्यात अळी आहे!" म्हणालात, जुडी बाजूला सारलीत आणि शेजारची चकचकीत उचलून पिशवीत टाकलीत.